अठ्ठावीसवर अडलेली गाडी

"अगं, बाळाला घेऊन भर दुपारी निघू नकोस, उन्हं उतरू देत," असं कल्पिताच्या आईने शहाडहून फोनवर बजावलं होतं. कल्पिताने ते हसण्यावारी नेलं. "आई, एसी गाडी आहे गं. बाहेर ऊन आहे की चांदणं, आत कळतसुद्धा नाही."

गाडी विजेची, नवीकोरी. सासरे गोपीनाथ यांनी बाळकुमच्या दारात ती ओवाळून घेतली आणि घरच्या रिवाजाप्रमाणे ती सगळ्यांची झाली. या घरात वायफायचा पासवर्ड, कपाटाची किल्ली, लोणच्याची बरणी असं काहीच एकट्याचं नसे. त्यामुळे गाडीचं अ‍ॅपही सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होतं. पूर्वी सोन्याचा भाव वाचायचे, तसं सासरे आता चहाबरोबर गाडीचं चार्जिंग मोठ्याने वाचून दाखवत.

आज दादूसचं उष्टावण होतं. दादूस म्हणजे कल्पिताचा सहा महिन्यांचा मुलगा. नाव ठेवलेलं वेगळं, पण ते फक्त लसीच्या कार्डावर. शहाडला मामाच्या मांडीवर बसून पहिली खीर खायची होती. त्याच्या मानेवरच्या घामोळ्या कालच कुठे बसल्या होत्या आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाम येऊ द्यायचा नाही. घाम आला की घामोळ्या, घामोळ्या आल्या की रडारड, आणि रडणारा दादूस खीर मामाच्या शर्टावर उडवणार, एवढं कल्पिताला स्वच्छ दिसत होतं. म्हणून ती मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसून सारखी त्याच्या मानेखाली बोट घालून बघत होती.

कशेळीचा पूल ओलांडला आणि बोट ओलं लागलं.

"हर्षित, एसी गरम मारतोय!"

"बावीसवर आहे गं." गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याने, हर्षितने, स्क्रीनकडे बघितलं. "अरे? अठ्ठावीस कुणी केलं?"

"मी मागे बसलेय."

त्याने पुन्हा बावीस केलं. जरा गार वाटतंय तोवर मेट्रोच्या कामापाशी गाडी अडकली आणि स्क्रीनवर पुन्हा अठ्ठावीस!

"आपोआप वाढतंय रे! गाडीत काहीतरी आहे."

"सॉफ्टवेअर आहे. दुसरं काही नाही."

"तरी मी म्हटलेलं, लिंबू-मिरची बांधू."

"लिंबाने सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, कल्पे."

हर्षितने मग जे जे दिसेल ते दाबलं. इको मोड काढला, घातला, परत काढला. सीट गरम व्हायला लागली, मागचा वायपर कोरड्या काचेवर करकरला, आणि गाडी इंग्रजीत म्हणाली की जवळच सहा कॅफे आहेत. अठ्ठावीस मात्र हललं नाही.

शेवटी हेल्पलाइन. "सर, गाडी बंद करा, सगळे बाहेर उतरा, लॉक करा आणि पाच मिनिटं थांबा," तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. तिच्या खोलीतला एसी चालू असावा.

तिघं मेट्रोच्या खांबाच्या सावलीत उभे राहिले. हर्षित गाडीच्या माहितीपुस्तिकेने दादूसला वारा घालत होता. पुस्तिका पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होती. तेवढ्यात सासूबाईंचा, कमळाबाईंचा फोन आला. त्यांना कंबरेमुळे प्रवास झेपत नसे, म्हणून त्या घरीच होत्या.

"काय गो, गाडी का बंद केलीव? दादूस बरा हाय ना?"

"बरा आहे आई. जरा थांबलोय." त्यांना उगाच घोर नको, म्हणून कल्पिता एवढंच बोलली.

गाडी पुन्हा सुरू केली आणि काय नवल, बावीस! कोनगाव गेलं, तरी बावीस. हर्षितची छाती फुगली. "बघितलंस? इको मोडचाच लोच्या होता. माझ्यासारखा माणूस शोरूममध्ये पाहिजे."

दुर्गाडीच्या पुलावर त्याचं वाक्य संपायच्या आत भसकन गरम हवा आली. दादूसने ओठ बाहेर काढले. हा रडण्याचा शंख होता. तो वाजायला फार तर अर्धं मिनिट उरलं होतं. त्यात पुन्हा कमळाबाईंचा फोन.

"दादूस निजला का गो?"

"नाही आई, उकडतंय त्याला. एसी बिघडलाय."

"बिघडला नाय. आता बरोबर अठ्ठावीस हाय, तसाच राहू दे."

कल्पिताचं बोट मानेखालीच थांबलं. अठ्ठावीस? तिने तर आकडा कुणालाच सांगितला नव्हता.

"आई... तुम्ही करताय?"

"मग कोन करनार? तुमी दोगं पोराला बावीसमदी गारठवताव! मोबाइलमदी बघून माजे काळजात धस्स झाला."

"पण मघाशी कोनगावात गार होता..."

"तवा मी भाकऱ्या थापत व्हते. हात पिठाचं!"

पुलावरच्या कोंडीत थांबलेल्या हर्षितने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि हॉर्न वाजला. पुढचा रिक्षावाला मागे वळून काहीतरी बोलला, ते दादूसने ऐकू नये असं होतं. कल्पिताने घामोळ्या, डॉक्टर, खीर सगळं समजावलं. बरंच तोडपाणी होऊन चोवीसवर सौदा पटला. दादूस शहाडला पोचेपर्यंत झोपला आणि मामाच्या मांडीवर वाटीभर खीर चाटून वर चमचा चावत बसला. मान कोरडी ठणठणीत. हर्षितचा सदरा तेवढा पिळून वाळत घालावा लागला.

परत आल्यावर कल्पिता कमळाबाईंच्या मोबाइलमधलं अ‍ॅप काढणार होती. अगदी ठरवलं होतं तिने.

पण सोमवारी हर्षित डोंबिवलीला कामावर निघताना दोनदा शिंकला. "काही नाही गं, धूळ," म्हणाला आणि गेला. कल्पिताने सहज म्हणून मोबाइल उघडला. गाडीत वीस! सर्दी असलेल्या माणसाने वीस! तिने हळूच अठ्ठावीस केलं. मागून कमळाबाईंनी मान पुढे काढली.

"तीस कर गो. छातीत कफ भरंल त्याचे."

कल्पिताने तीस केलं.

तेव्हा डोंबिवलीकडे माणकोलीच्या पुलावरून जाणार असाल, तर एक पांढरी गाडी दिसते का बघा. काचा खाली, आत घामाघूम माणूस, समोरचं बटण न् बटण दाबत असलेला. जरा थांबून विचारा त्याला, बरा आहेस ना म्हणून. आणि अजून शिंकत असेल, तर बाळकुमला कळवा. पुढचं त्या दोघी सासू-सुना घरी बसून बघतील.