हलेना ते पान

या, असे जवळ सरकून बसा. मागे कोणी उभे असेल तर पुढे या, जागा पुष्कळ आहे, आणि आजची गोष्टही जागेचीच आहे. हिच्यात राजा नाही, राणी नाही, पराक्रम तर औषधालाही नाही. एक थकलेला माणूस आहे, त्याचा मेहुणा आहे आणि एक हट्टी पान आहे. हसू आले तर मोकळेपणाने हसा. फक्त मेहुण्याकडे जरा लक्ष असू द्या, कारण गोष्टीतली माणसे त्याला विसरणार आहेत.

तर नाना टेबलाशी बसले होते. धंद्याने प्रोग्रामर, वयाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि मान अशी पुढे आलेली की खुर्चीच्या पाठीला त्यांची पाठ कशी असते हे ठाऊकच नव्हते. टेबलाखाली ऑफिसने चाचणीसाठी दिलेले मोठे यंत्र घरघरत होते. दारात नानांची बायको उभी होती, पदर खोचून.

"अहो, उठताय ना? आईंची खोली रिकामी करायचीय."

"दोन मिनिटं."

"सकाळपासून दोनच मिनिटं चाललीत तुमची. घड्याळाला तरी काहीतरी वाटू द्या."

नानांच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि आज दुपारी तिला हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते. घरात बाथरूम लागून असलेली खोली एकच, आणि त्या खोलीत गेले कित्येक महिने नाना, टेबल आणि यंत्र असे त्रिकूट संसार मांडून बसले होते. आदल्या संध्याकाळी आईने हॉस्पिटलच्या खाटेवरून हळूच विचारले होते, "मी आल्यावर तू घरी असशील ना रे?" नाना म्हणाले होते, "असेन की." तोंडातून शब्द गेला होता खरा. तो पाळणे मात्र त्या हट्टी पानाच्या हाती होते.

आता थोडे निरूपण ऐका, मग आख्यानाकडे वळू. संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कोणाला किती मेमरी द्यायची, कोणाला कुठे बसवायचे, सगळा कारभार त्याच्याकडे. मोठ्या यंत्रांत अशी सोय असते की यंत्र चालू असतानाच मेमरीचा एखादा भाग काढून घ्यावा किंवा नवा जोडावा. काढायचा असेल तर त्या भागातली माहितीची पाने कारभाऱ्याने आधी दुसरीकडे नेऊन बसवायची. घर रंगवायला काढले की आपण माणसांना या खोलीतून त्या खोलीत हलवतो, तसेच. मात्र एक नियम आहे: जे पान कोणीतरी धरून ठेवले आहे, ते हलवायचे नाही. धरणाऱ्याने काम झाले की सोडावे, मग हलवावे.

नानांच्या यंत्रात सगळी पाने निमूट उठून जात. एक उठत नसे. कोणीतरी ते धरून बसले होते. कारभारी बिचारा पुन्हा पुन्हा विनवी आणि पडद्यावर लिही, 'हलवता आले नाही'. ओळीखाली ओळ, तीच. कोण धरते हे कळावे म्हणून नानांनी आत आपला एक पहारेकरी नेमला होता: पानापानाशी जाऊन 'तू कोणाचे' अशी चौकशी करणारा छोटासा प्रोग्राम. मध्ये एक चूक सापडली, ती नानांनी दुरुस्तही केली, तरी पान अडलेलेच. एवढी नाकेबंदी करूनही चोर सापडेना. त्यात ही चूक कधीही बोलावली की येणारी नव्हती. दिवसचे दिवस यंत्र राबवावे तेव्हा कुठे एकदा दर्शन देई. आज पहाटे ते दर्शन झाले होते. यंत्र बंद केले की सगळे पुसले जाणार, पुन्हा पहिल्यापासून तपश्चर्या.

तेवढ्यात साहेबीणबाईंचा फोन आला. नानांच्या वरच्या अधिकारी. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी होते.

"नाना, संध्याकाळपर्यंत कारण कळलं नाही तर उद्या तुम्हाला, ज्या गिऱ्हाइकानं तक्रार केलीय, त्याच्या गावी जावं लागेल. तिथंच बसून शोधा, महिनाभर."

"बाई, माझी आई आज घरी येतेय."

"मला कळतंय हो. पण मी वर काय सांगू? पान हलत नाही म्हणून?"

"वस्तुस्थिती तीच आहे," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

बायकोने सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "यंत्र बंद करायचं नाही ना? नका करू. चालू असतानाच उचलू. टेबलासकट. माझा भाऊ आलाच आहे."

मेहुणा आला होता. शाळेत कवायतीचा मास्तर. छाती पुढे, पोट आत, आणि मदतीला इतका तत्पर की त्याला काम सांगताना जपून बोलावे लागे. मागे एकदा ताईने "जरा हे कपाट बघ रे" म्हटले, तर त्याने ते खोलून ठेवले होते.

"भावजी, तुम्ही फक्त सांगा. एक-दोन-एक करत नेऊ."

यंत्राला बॅटरीची पेटी जोडलेली होती. भिंतीतला प्लग काढला की तेवढ्या जिवावर यंत्र थोडा वेळ तग धरी. पण पेटी म्हातारी झाली होती. प्लग निघाला आणि ती टीं टीं करून ओरडू लागली. मेहुण्याने पुढची बाजू धरली, नानांनी मागची, बायकोने मध्ये वाकून यंत्र कडेवर घेतल्यासारखे धरले. दारातून टेबल सरळ जाईना.

"आडवं करा."

"आडवं केलं तर पडदा पडेल."

"मग पडदा पोटाशी धरा."

नानांनी पडदा पोटाशी धरला. तो उलटा होता, तरी 'हलवता आले नाही' एवढे वाचता येत होते. शेवटी दाराची एक फळीच मेहुण्याने बिजागरीतून काढली, टेबलाच्या पायाने भिंतीचा पोपडा नेला आणि वरात दोन खोल्यांमधल्या बोळात येऊन थांबली. बोळात प्लगचा बोर्ड होता, पण त्याची छिद्रे सैल. प्लग बसवला की दम घेऊन तो खाली मान टाकी. पेटीचा आवाज बारीक होत चालला.

"प्लग धर," नाना ओरडले. "हलू नकोस. दोन मिनिटं."

मेहुणा भिंतीला टेकून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी प्लग दाबून धरला. पेटी गप्प झाली, म्हणजे तिच्यातले होते-नव्हते ते संपले होते. आता यंत्राचा सगळा जीव मेहुण्याच्या अंगठ्यात होता. नानांनी बोळातच खुर्ची ओढली आणि पडद्यात डोके घातले. बायको खोली झाडून, चादर बदलून आईंना आणायला टॅक्सीने निघून गेली. जाताना तिने भावासाठी चहाचा कप स्टुलावर ठेवला.

"ताई, हात नाहीत मोकळे."

"असतील थोड्या वेळानं," ती म्हणाली.

चहा निवला. त्यावर साय धरली. मेहुणा सायीकडे बघत राहिला. एकदा त्याचे नाक खाजले, ते त्याने भिंतीला घासले. नाना मोजत होते, तपासत होते, उसासे टाकत होते. धरणारा एक, हे पडद्यावर स्पष्ट दिसत होते. पण यंत्रातला जो तो भाग म्हणे, मी नाही. डिस्कवाला म्हणे मी सोडले, नेटवर्कवाला म्हणे मी हात लावला नाही. सगळे प्रामाणिक, आणि पान धरलेले. नानांनी चष्मा काढून डोळे चोळले. मनातल्या मनात देवाला म्हणाले, बाबा रे, माझी अक्कल संपली, आता तुझी लाव.

टॅक्सी आली. बायकोच्या खांद्याला धरून आई हळूहळू आत आली. बोळापर्यंत येता येताच तिला दम लागला.

"जरा बसू दे गं इथंच," ती म्हणाली. नानांनी उठून आपली खुर्ची दिली. आई यंत्राशेजारी टेकली, तिने पाय लांब केले. यंत्रातून गरम वारा येत होता, तो नेमका गुडघ्यावर. तिने डोळे मिटले. "तू आहेस ना घरी?"

"आहे," नाना म्हणाले, आणि पुढचे गिळले.

घरात सगळ्यांचे आवाज खाली आले. तेव्हा भिंतीकडून मेहुण्याचा अगदी अदबीचा स्वर आला.

"भावजी, रागावू नका. पण आमच्या कवायतीत सावधान म्हटलं की पुढं विश्रामही म्हणतात. मास्तर घंटा ऐकून तसाच निघून गेला, तर पोरं मैदानात उभीच राहतात."

"तुला काय उभं राहून कंटाळा आला?" बायको कुजबुजली.

"कंटाळा नाही गं. आपलं सांगितलं."

नाना मात्र जागच्या जागी थिजले होते. मास्तर मध्येच निघून गेला तर. त्यांनी पडद्यावर आपल्याच पहारेकऱ्याचा मजकूर उघडला. पहारेकरी पानाशी जातो. चौकशीसाठी ते धरतो. चौकशी पुरी झाली की सोडतो. आणि चौकशी अर्धवट राहिली तर? तर तो तसाच निघून जातो. सोडायची ओळ त्या वाटेवर लिहिलेलीच नव्हती. नानांच्या हाताची करणी. मूळची चूक नानांनी केव्हाच दुरुस्त केली होती. त्यानंतर ज्या चोराच्या मागे ते जिवाचे रान करत होते, तो त्यांनीच नेमलेला पहारेकरी होता. त्याला पकडण्यासाठी नाना रोज त्यालाच जागता ठेवत होते.

नाना असे हसले की त्यांचे त्यांनाच नवल वाटले. उठून दोन्ही हात पसरत ते मेहुण्याकडे गेले. "अरे, सापडलं."

माणूस हात पसरून आला की कोण तसाच उभा राहील? मेहुण्यानेही प्रेमाने दोन्ही हात पसरले. गळाभेट झाली. भिंतीतल्या प्लगने मान टाकली.

घरघर थांबली. पडदा काळा झाला. इतक्या महिन्यांत घरात इतकी शांतता कोणी ऐकली नव्हती. त्या शांततेने आई जागी झाली.

"का बंद केलंत रे? आत्ता कुठं डोळा लागत होता."

मेहुण्याचे हात नानांच्या पाठीवरच राहिले. "भावजी, माझ्या हातून..."

"असू दे," नाना म्हणाले. "आता त्याची गरज नाही. फक्त पुन्हा एकदा धर."

रोग कळल्यावर तो हवा तेव्हा उठवता येतो. नानांनी यंत्र चालू केले, पहारेकऱ्याची चौकशी मुद्दाम अर्ध्यात तोडली आणि पान लगेच अडून बसले. मग पहारेकऱ्याला कामावरून काढून टाकले. पान निमूट उठले, तो भाग रिकामा होऊन सुखाने बाहेर पडला. नानांनी फोन लावला.

"कोण धरून बसलं होतं?" साहेबीणबाईंनी विचारले.

नानांनी घसा साफ केला. "बाई, शोधणाराच."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. बाई बहुधा हसत होत्या. "आईजवळ बसा," त्या म्हणाल्या. "उद्याचं जाणं रद्द."

बायकोने खोलीतला दिवा लावला, उशी थापटली. "आई, चला. खोली तयार आहे."

"मी नाही यायची," आई डोळे न उघडता म्हणाली. "इथं गुडघ्याला ऊब लागते. आणि याची घरघर ऐकली की नानाचे बाबा घोरताहेत असं वाटतं. मला नका हलवू."

नानांनी विनवले. बायकोने विनवले. आई हलली नाही. मग नाना त्या रिकाम्या, झाडलेल्या, चादर घातलेल्या खोलीकडे बघत राहिले, दोन मिनिटे म्हणून खाटेवर आडवे झाले आणि घोरू लागले. बायको दोघांवर पांघरुणे घालून, आता तरी चार घास पोटात जावेत म्हणून स्वयंपाकघरात गेली.

देवाच्या कृपेने घर निवांत झाले. आई झोपली, नाना झोपले, पान सुटले. बोळात तेवढा एकजण भिंतीला टेकून प्लग धरून उभा आहे. हाक मारली असती तर कोणीही धावले असते. पण मघाशी यंत्र थांबले तेव्हा म्हातारीची झोप मोडली होती, ते त्याने पाहिले आहे.

घरी जाल तेव्हा त्याची आठवण ठेवा. तुमच्याही घरात कोणाला तरी दोन मिनिटे धर म्हणून सांगितलेले असेल. जा आणि त्याला विश्राम म्हणा. चहाही नवा करून द्या, त्या कपावर साय धरली आहे.