आंब्यावरचं गिऱ्हाईक

लोलो कास्तोर, म्हणजे कास्तोर आजोबा, यांच्या योजनेत एकही चूक नव्हती, आणि हीच गोष्ट त्यांना खटकायला हवी होती. चाळीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेल्या या माणसाला स्वतःच्या छत्रीचीसुद्धा खात्री नसे. पण या वेळी प्रश्न आंब्याचा होता.

अंगणातल्या आंब्याखाली वेताच्या खुर्चीत बसून ते वाचत आणि चोरून सिगारेट ओढत. बायकोनं, फेलिसिंगनं, बजावलं होतं, "कास्तोर, पुन्हा वास आला ना, तर हे लपायचं झाडच तोडून टाकते. करवतवाल्याला शनिवारचं सांगून ठेवलंय."

म्हणून व्हेप, धुराऐवजी सुगंधी वाफ देणारी विजेवरची सिगारेट. बोटीवर नोकरी करणाऱ्या पुतण्यानं खरबुजाच्या वासाच्या द्रवाच्या बाटल्या आणि तो भरायची काचेची टाकी पाठवली होती. टाकीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ०.१५ ओहम. रोध कमी, म्हणजे सौम्य, म्हाताऱ्यांसाठीच केलेली, असा अर्थ लोलोंनी लावला. खाली जोडायला बॅटरीचं यंत्र हवं, म्हणून बाजारातल्या दुकानात त्यांनी सगळ्यात लहान, पेनाएवढं मागितलं.

"लोलो, ते हिला पेलायचं नाही," दुकानदारीण मारिव्हिक म्हणाली. "रोध जितका कमी, तितकी ही जास्त वीज ओढते. पेन एकतर सुरूच होणार नाही, नाहीतर भलतंच तापेल. दोन बॅटऱ्यांचा हा मॉड घ्या."

"पण मी साधा माणूस आहे गं."

"तुम्ही असाल. टाकी नाहीये."

मॉड म्हणजे विटेएवढा डबा होता.

शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. लोलोंनी बटण दाबून सिगारेटसारखा खोल झुरका घेतला. तोंडातून निघालेला ढग थांबेचना. पुस्तक गेलं, खुर्ची गेली, स्वतःचे गुडघे गेले. ढग फांद्यांत चढला आणि आत डब्याचा लाल दिवा डोळ्यासारखा लुकलुकत राहिला. खोकला दाबताना घशातून जो आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता.

कुंपणापलीकडून शेजारीण तोयांग बिबिंग्काचं, तांदळाच्या गोड केकचं, ताट घेऊन चालली होती. ती थिजली. "ताबी-ताबी पो," ती पुटपुटली. न दिसणाऱ्यांकडून वाट मागताना म्हणायचे ते शब्द. मग ताट तिथेच ठेवून ती पळाली.

जेवणं होईपर्यंत गावाला कळलं, कास्तोरच्या आंब्यावर काप्रे आलाय. शेंड्यावर बसून चिरूट ओढणारा केसाळ राक्षस. त्याचं झाड तोडणाऱ्याचं घर बसतं. शनिवारी करवतवाला फाटकापर्यंत आला, वर पाहून त्यानं टोपी काढली आणि तसाच परत गेला.

लोलो खरं सांगणार होते. पण आंबा वाचला होता.

सोमवारी फेलिसिंगनं सिगारेटचं अख्खं पाकीट आंब्याच्या बुंध्याशी ठेवलं. "त्याच्यासाठी आहे. तू हात लावलास तर बघ."

सकाळी पाकीट रिकामं. फेलिसिंगनं नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला, शर्टाचा घेतला. नुसतं खरबूज.

"तू नाहीस," ती हळूच म्हणाली.

लोलो नव्हतेच. भीती तीच होती.

त्या संध्याकाळी ते वाचत असताना उघड्या पानावर वरून राख पडली. गरम. वारा नव्हता, एक पान हलत नव्हतं. खांद्यावरून कुणीतरी सावकाश वाचतंय असं वाटत होतं. त्याचं संपलं नसेल म्हणून लोलोंनी पान उलटलं नाही. "ताबी-ताबी पो," म्हणून डबा खुर्चीवर ठेवला आणि ते घरात गेले.

सकाळी फेलिसिंगनं ठेवलेल्या नव्या पाकिटाला कुणी शिवलं नव्हतं. डबा खुर्चीवरच, अजून कोमट. टाकी कोरडी, दोन्ही बॅटऱ्या संपलेल्या.

तेव्हापासून लोलोंचा धूर सुटला. म्हणजे त्यांच्या वाट्याला तो येतच नाही. दुपारी बॅटऱ्या चार्ज करायच्या, संध्याकाळी टाकी भरून डबा आणि खरबुजाची बाटली खुर्चीवर ठेवायची. "माझ्या धाकानं सिगारेट सुटली त्याची," फेलिसिंग गावभर सांगते.

महिन्याभरानं ते मारिव्हिकच्या दुकानात गेले.

"काय लोलो, मानवला का डबा?"

"डबा उत्तम आहे," लोलो चपलांकडे बघत म्हणाले. त्यांच्या कपाळावर टेंगूळ होतं. "पण काल खरबुजाची बाटली वरून डोक्यात आली. तंबाखूच्या वासाचं काही आहे का?"