सुभेदारांचं ‘कॅरी ऑन’

सुभेदार नाथाजींनी पेन्शनबरोबर पलटणीतून एक इंग्रजी क्रियापदही घरी आणलं, ‘कॅरी ऑन’. अर्थ सरळ आहे, चालू द्या. पण ते वापरायची रीत अशी, की साहेबानं आधी काम बघायचं आणि मगच म्हणायचं. नाथाजींनी बघणं तेवढं पलटणीत ठेवलं.

त्यांच्या बायको अंजनाबाई भाचीच्या लग्नाला विट्याला गेल्या होत्या. इकडे अंगणातल्या आंब्याची फांदी विजेच्या तारेला घासायला लागली, म्हणून गावातला आकाराम कुऱ्हाड घेऊन आला. आंबा अंजनाबाईंनी लावलेला. नवरा सीमेवर असताना कळशीनं पाणी घालून वाढवलेला आणि यंदा पहिल्यांदाच मोहरलेला.

"सुभेदार, तारंकडची फांदी घिऊ का?"

"कॅरी ऑन," पेपरातून डोकं न काढता नाथाजी म्हणाले.

फांदी गेली आणि झाड दुसऱ्या अंगाला जड झालं.

"आवं, ह्यो भार आता गोठ्यावर यील. हिकडचं बी उतरवू?"

"कॅरी ऑन."

"आता नुसता बुंधाच ऱ्हायला की वो. त्येचं काय करू?"

नाथाजी अग्रलेखाला पोचले होते. "कॅरी ऑन, गड्या, कॅरी ऑन!"

आकारामाचा तरी काय दोष? इतकं विचारून काम करणारा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. पेपर संपला तेव्हा ओसरीवर ऊन आलं होतं. हे ऊन कुठून आलं ते बघायला नाथाजी उठले, तर अंगणात आंब्याचं खोडच तेवढं उरलं होतं.

संध्याकाळी अंजनाबाई आल्या. पिशवी ठेवून उरलेल्या खोडावर बसल्या. भांडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"चुकलं माजं," नाथाजी म्हणाले. "म्या त्येचं ऐकलंच न्हाई."

"त्येचंच न्हवं. लग्नाला येताय का, का एकटीच जाऊ, आसं मी बी इचारलं व्हतं."

"मग? मी काय म्हनलो?"

"काय म्हननार तुमी?"

नाथाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं हिनं वाट बघितली आणि आलेला माणूस पेपराआड बसला. अंजनाबाई हळूहळू लग्नातलं सांगू लागल्या. आता हिचा एक शब्द वाया घालवायचा नाही, नाथाजींनी ठरवलं. नवं रोप आणू, हिला विट्याला घेऊन जाऊ, पेपर बंद करू. ते ठरवतच राहिले.

अंजनाबाई बोलता बोलता थांबल्या.

"सांगा बरं," त्या म्हणाल्या, "मी आत्ता काय म्हनले?"