नको तिथे थांबणारा ट्रक

किल्लीवाल्याने जुना ट्रक घ्यायचं ठरवलं, तो निर्णय तसा लहानच होता. (ट्रकही लहानच होता. मोठा होता तो किल्लीवाल्याचा आत्मविश्वास.)

हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील एवढीशी त्याची टपरी. तिथे बसून लोकांच्या किल्ल्या घासायच्या, सगळ्या गावाची दारं उघडून द्यायची आणि आपण मात्र आतच, असं चौदा वर्षं चाललं होतं. आणि एक दिवस पत्र आलं. उत्तरेच्या जंगलातल्या वस्त्यांना टपाल पोचवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती. होकार कळवायला दहा दिवसांची मुदत.

बायको शिवणकाम करायची. तिने मशीन थांबवून पत्र दोनदा वाचलं, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "तुम्ही? गाडी? जंगलात?"

"लायसन्स आहे माझ्याकडे."

"लायसन्स कपाटात आहे. रस्ता बाहेर आहे." मग जरा विचार करून म्हणाली, "आधी मला त्या जंगलातून सुखरूप फिरवून आणा. चार दिवस. मग द्या होकार. नाहीतर टपरी आहेच."

म्हणून ट्रक. तोही ज्याच्यावर तो गाडी शिकला तोच, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांकडून घेतलेला. देताना मास्तर म्हणाले, "शेजारच्या सीटखालची शिकवायची पायडलं काढून टाकलीत हो. तसंही तुला शिकवताना मला कधी पाय लावावा लागलाच नाही." हे वाक्य किल्लीवाल्याने बायकोला सात वेळा ऐकवलं. आठव्यांदा तिने कानात कापूस घातला.

मागे फळ्यांचा पलंग ठोकला, वर ताडपत्री घातली, एक स्टोव्ह आणि दोन कप घेतले आणि दोघं निघाली. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी जंगलाच्या तोंडाशी पक्का रस्ता संपला, चिखलात रुतलेली गाडी किल्लीवाल्याने एका दमात बाहेर काढली आणि बायकोच्या पायाशी ठेवलेली टोपली खड्ड्यांनी खडखडायला लागली. तिने ती मागे ठेवली आणि पाय चटईवर नीट टेकून बसली.

उत्तरेकडे उन्हाळ्यात रात्रीसुद्धा धड अंधार होत नाही. उजेड असतो, पण तो दुधात पाणी ओतल्यासारखा. त्यात धुकं. दोन्ही बाजूंना काळी, सरळसोट झाडं आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ. एकही पक्षी बोलत नव्हता. किल्लीवाल्याला आपण गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला.

वळणापलीकडे एक झाड होतं. साल पूर्ण गळालेलं, हाडासारखं पांढरं, दोन फांद्या पुढे केलेलं. वाट बघत कुणीतरी उभं असावं तसं.

ट्रकने आचका दिला आणि तो बंद पडला. बरोबर त्या झाडासमोर.

किल्लीवाल्याने ब्रेकला पायही लावला नव्हता.

"का थांबवलीत?" बायकोने विचारलं. तिचा आवाज सुईच्या टोकाएवढा झाला होता.

आता काय सांगावं? गाडी आपण थांबवली नाही, ती आपली आपण थांबली, असं ड्रायव्हरने म्हटलं की नोकरी गेलीच म्हणायची.

"झाड दाखवायला," तो म्हणाला.

"हे?"

"हो. छान आहे ना?"

तिने झाडाकडे बघितलं. मग बराच वेळ नवऱ्याकडे बघितलं.

पुढे एक डोह लागला, शाईसारखा काळा. वरची झाडं वाऱ्याने हलत होती आणि पाण्यातली हलत नव्हती. (असं त्याला वाटलं. दुसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही.) ट्रक पुन्हा आचका देऊन थांबला. चाकं काठापासून हातभर लांब.

"डोह," किल्लीवाला म्हणाला.

"दिसतोय मला डोह."

जनावरांना पुढचं कळतं म्हणतात. ट्रकलाही कळत असेल का? हा विचार त्याच्या मनात आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. कारण ट्रक सपाट, साध्या, उजेडाच्या जागी कधीच थांबत नव्हता. अंगावर काटा आला रे आला की थांबत होता. जणू त्याच्याही अंगावर येत होता.

तिसऱ्यांदा थांबला तो एका झोपडीपुढे. दार अर्धं उघडं, आत काळोख. दारापुढे एक लाकडी खुर्ची, रस्त्याकडे तोंड करून. खुर्चीवर कुणी नव्हतं, पण बसणारा फार लांब गेला नसावा अशी ती दिसत होती.

"आता काय?" बायको कुजबुजली.

"इथे... चहा घेऊ या म्हटलं."

"इथे?"

"मोकळी जागा आहे."

स्टोव्ह पेटला. दोघांनी उभ्याने चहा घेतला, कारण जी एक खुर्ची होती तिच्यावर बसायचा विषय कुणीच काढला नाही. बायको कपात बघत म्हणाली, "अहो, एक विचारू? तुमच्या मनात माझ्याबद्दल काही राग वगैरे आहे का?"

"छे! का गं?"

"मागच्या महिन्यात मी सासूबाईंना उलट बोलले. ते मनात ठेवून मला इकडे आणलं नाही ना?"

"काहीतरीच काय!" तो म्हणाला आणि घाईघाईने कप धुवायला जवळच्या ओढ्यावर गेला. आपण गुन्हेगारासारखे पळतोय, हे त्याच्या ओढ्यावर पोचल्यावर लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी पुढची वाट एका आडव्या पडलेल्या झाडाने अडवलेली निघाली. आल्या वाटेनेच परतणं भाग होतं. धुकं आणखी दाट झालं होतं. झोपडी त्यातून हळूहळू वर आली. दार तसंच अर्धं उघडं.

खुर्ची मात्र फिरली होती. आता तिची पाठ रस्त्याकडे होती आणि तोंड दाराच्या आतल्या काळोखाकडे.

"खुर्ची!" किल्लीवाला किंचाळला आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. बायकोही किंचाळली. ट्रक एकदा गुरगुरला, जागच्या जागी थरथरला आणि बंद पडला. मागून कुणीतरी घट्ट धरून ठेवावा तसा.

"उतरून बघा ना," बायको म्हणाली. डोळे गच्च मिटलेले.

न उतरून चालणार नव्हतं. तो दाराला धरत, ताडपत्रीला धरत मागे गेला आणि जागीच थिजला. पांढऱ्या धुक्यात दोन लाल डोळे पेटले होते. ट्रकचेच मागचे दिवे. ब्रेक दाबल्याशिवाय ते पेटत नाहीत, एवढं त्यालाही माहीत होतं. आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं.

त्याला पळावंसं वाटलं. पण गाडीत बायको होती.

"अगं," तो कसाबसा म्हणाला, "मी आहे इथे. घाबरू नकोस."

दिवे विझले.

कुठेतरी फांदी कडकन मोडली. दिवे पेटले.

"काही नाही, फांदी आहे!"

विझले.

किल्लीवाला विचारात पडला. हे भूत त्याच्या बायकोच्या धाकात होतं. (त्यात नवल काही नव्हतं, घरात तसेच आणखी एक जण होते.) तो तिच्या दारापाशी आला.

"तू काय करतेयस?"

"बसलेय!"

"पाय काय करतायत?"

तिने खाली बघितलं. "टेकलेत. चटईखाली मशीनच्या पायडलासारखं काहीतरी आहे, बरं वाटतं. भीती वाटली की दाबलं जातं. सवय आहे हो पायांना, वीस वर्षांची."

त्याने चटई उचलली. खाली ब्रेक होता. मास्तरांनी दोन पायडलं काढली होती आणि तिसरं काढायचा कंटाळा केला होता.

"म्हणजे झाडापाशी..."

"तुम्ही थांबवली नव्हती?" तिचे डोळे मोठे झाले. "मग चहा कशाला पाजलात मला इथे?"

"आणि ही खुर्ची?"

"ती काल मीच फिरवली, तुम्ही ओढ्यावर होतात तेव्हा. सारखी माझ्याकडे बघत होती मेली."

किल्लीवाल्याला हसू यायला हवं होतं. पण त्याची नजर त्या ब्रेकवर खिळली होती. वरचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. मग त्याने वाकून आपल्या बाजूचा ब्रेक बघितला. त्यावरच्या रबराची नक्षीसुद्धा शाबूत होती, अगदी कोरी करकरीत. परीक्षेच्या दिवशी आपण पांढऱ्या पट्टीवर कशी झोकात गाडी थांबवली होती, ते त्याला आठवलं. शेजारी मास्तर होते, कपाळावर घाम, आणि निकालानंतर जरा लंगडत चालत होते.

तो आपल्या जागी येऊन बसला. खिशातलं पत्र काढून म्हणाला, "टपरी बरी आहे म्हणा आपली."

बायकोने पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि घडी घालून आपल्या ब्लाऊजमध्ये ठेवलं. "होकार कळवा. काल त्या चिखलातून काढलीत ना गाडी? चालवता चांगली तुम्ही."

त्याची छाती वीतभर फुगली. "खरंच?"

"खरंच. थांबवायचं मी बघते. त्यांना एवढंच विचारा, शेजारच्या सीटसमोर माझं शिलाई मशीन बसेल का."

"ते कसं विचारणार? लोक काय म्हणतील?" तो म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं. त्याने क्लच सोडला. ट्रक आचका देऊन बंद पडला.

"अगं, पाय काढ."

"आधी हो म्हणा."