पडवीतली टाकी आणि दक्षिणेची वात

"झाडांची काळजी तू सोड. त्यांना किती उजेड लागतो ते मला कळतं," असं ठासून सांगून शरच्चंद्रांनी बायकोला पोटाच्या ऑपरेशनसाठी भावाबरोबर मुंबईच्या एसटीत बसवलं. साल सत्तावन, महिना श्रावणाचा. मुंबईचं मत्स्यालय पाहून आल्यापासून अनुसूयाबाईंनी थळच्या घरी पडवीत पलंगाएवढी काचेची टाकी बसवून घेतली होती. मासे चारच, सगळा जीव पाण्यातल्या झाडांवर. "मी परत येईन न येईन, ती हिरवी राहू देत," जाताना त्या एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून शरच्चंद्रांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पावसासाठी पडवीला नारळाच्या पानांची झापं बांधलेली, त्यामुळे भरदुपारी अंधार. गावात वीज नाही. झाडं पिवळी पडू लागली. त्यांनी वर कंदील टांगला, तर त्याच्या बुडाची सावली नेमकी टाकीवर. गॅसबत्ती आणली, तर तिच्या धगीने पाणी तापून एक मासा उताणा झाला. शेवटी टाकीसमोर जमिनीवर तेलाचा दिवा ठेवला. टाकी दक्षिणेच्या भिंतीला, म्हणून वातही दक्षिणेकडे. दिवा रात्रंदिवस तेवत ठेवला. माशांना घालायचं पीठ त्याच्याभोवती सांडलं, पण ते झाडायचं या गृहस्थाला कुठून सुचणार?

सकाळी भांडी घासायला आलेली ठमाबाई दारातच थबकली. जमिनीवर दिवा, दक्षिणेला वात, भोवती पीठ, शेजारी दाढी वाढलेले मालक. तोंडाला पदर लावून ती मागे फिरली आणि आळीत सांगत सुटली.

संध्याकाळी शेजारचे शिवदास सुतकाच्या घरी नेतात तसं पिठलं-भात घेऊन आले. मागोमाग अर्धी आळी. शिवदास रोज अलिबागला कचेरीत जात, मुंबईची बरीवाईट बातमी गावात त्यांच्याच तोंडून यायची.

"धीर धरा," ते म्हणाले.

शरच्चंद्रांनी पिठल्याकडे पाहिलं आणि ते मटकन खाली बसले. ज्या बातमीला ते भीत होते ती आली होती.

"फार त्रास झाला का हो तिला?"

"नसेल झाला," शिवदास म्हणाले. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

शरच्चंद्र लहान मुलासारखे रडले. ते पाहून कोणाच्या मनात शंका असलीच तर तीही गेली.

"झाडांवर लय जीव व्हता बायचा," ठमाबाई म्हणाली.

"ती तरी जगवू या," शरच्चंद्र हुंदके देत म्हणाले. झालं, घराघरातून दिवे आले. काचेला टेकवून रांगच लागली. पडवी उजळली, काच तापली आणि मधोमध तडकली. टाकीभर पाणी दिव्यांवरून वाहत गेलं. सगळा अंधार.

त्या अंधारात दारातून बॅटरीचा झोत आला. "ऑपरेशन नको म्हणाले डॉक्टर, गोळ्यांवर भागेल," असं म्हणत अनुसूयाबाई आत आल्या.

आळीतल्या नीराबाईंची दातखीळ बसली. झोत जमिनीवर पसरलेल्या पिवळ्या झाडांवर फिरला आणि नवऱ्याच्या भिजलेल्या तोंडावर थांबला.

"अहो, एवढं कशासाठी रडताय?"

शरच्चंद्रांनी बाहीने तोंड पुसलं. "झाडांसाठी," ते कसेबसे म्हणाले.

अनुसूयाबाईंचे डोळे भरून आले. त्या त्यांच्याजवळ ओल्यातच बसल्या.

"मी गेले तर यातलं निम्मं तरी रडाल का हो?"

शिवदासांनी पिठल्याचं भांडं हळूच पाठीमागे सरकवलं.