शनिवारचं तेल

शनिवारी सकाळी सात वाजता सईबाई आत्यांनी पितळेच्या वाटीत तिळाचं तेल कोमट केलं, तेव्हाच गिरीधरनं ओळखलं की आज आपली धडगत नाही.

"आत्या, आज नको. माझी फायनल आहे."

"असूं दे. शनिवार आहे की नाही? बैस इथं."

आत्या दोनच दिवसांपूर्वी तंजावरहून चेन्नईला आल्या होत्या. त्यांच्या कारभारात शुक्रवार बायकांच्या तेलस्नानाचा आणि शनिवार पुरुषांचा. यात सूट फक्त तापाला होती.

आता त्या बिचाऱ्या गिरीधरची गोष्ट ऐका. वजन शहाण्णव किलो. शाळेत खेळाचे संघ पाडताना सगळ्यांची नावं घेऊन झाली की रांगेच्या शेवटी हाच उरायचा, आणि दोन्ही कप्तान "तूच घे याला" म्हणत भांडायचे. पुढं तो सिरुसेरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि सहा महिन्यांपूर्वी तिथं चीअरलीडिंगचा संघ निघाला. क्रिकेटच्या वेळी कडेला नाचतात ते नव्हे बरं का. हा अख्खा खेळच वेगळा. यात माणसं माणसांना उचलतात, वर उडवतात, झेलतात, आणि पंच गुण देतात. प्रशिक्षक रामस्वामींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पहिलं बोट गिरीधरकडे केलं. "खाली हा." जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला आधी निवडलं होतं. आज हात चुकला तर ती जागा जाणार, हे रामस्वामींनी बजावून ठेवलं होतं.

डोक्यावर अर्धी वाटी रिचली तोच दाराशी नवीन आणि मधुसूदन हजर. संघात वर चढणाऱ्या कीर्तना नावाच्या मुलीला गिरीधरबरोबर उचलणारे ते हेच दोघे. त्याला गाडीतून न्यायला आले होते.

"आलात? बरं झालं. शर्ट काढा," आत्या म्हणाल्या.

"अहो आत्या, आम्ही फक्त याला घ्यायला..." नवीन मूळचा साताऱ्याचा, वडीलधाऱ्यांपुढं लगेच नरमणारा.

"शनिवारी घरी आलेलं पोर तसंच कोरडं पाठवूं? तुझ्या आईला काय सांगूं मी?"

दहा मिनिटांत तिघं न्हाणीघरात ओळीनं बसले. आत्यांनी टाळूपासून बोटांच्या पेरांपर्यंत तेल जिरवलं. मग डबा उघडला तर शिकेकाई जेमतेम एका डोक्यापुरती. ती तिघांत वाटली. साबणाला त्यांनी हात लावू दिला नाही. "उरलेलं अंगात मुरतं," म्हणाल्या. वर स्वतःही गाडीत बसल्या, कारण तेल घेतलेल्या माणसानं दिवसा झोपायचं नसतं आणि या तिघांचा त्यांना भरवसा नव्हता. ते बरोबरच होतं. मधुसूदन वाटेत दोनदा घोरला.

स्टेडियमच्या मागच्या बोळात सरावासाठी त्यांनी कीर्तनाला उचललं. ती खांद्यापर्यंत गेली आणि साबणाच्या वडीसारखी सुळकन खाली आली. गिरीधरनं कवेत झेलली म्हणून बरं.

"हे काय लावलंय हाताला?" कीर्तना ओरडली.

"शनिवार आहे," गिरीधर एवढंच म्हणाला.

तिघं नळाकडे पळाले. हात घासले, पुसले, परत आले. पण चेन्नईचा मे महिना. घाम फुटला तसं केसांतलं तेल मानेवरून, खांद्यावरून पुन्हा तळव्यात. दुसऱ्यांदा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं, मग नळाचं पाणीच गेलं. रामस्वामींनी त्यांचे हात हुंगले आणि डोळे मिटून घेतले.

"वीस मिनिटं आहेत," ते म्हणाले. "नाव मागं घेतो. गिरीधर, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

रांगेचं ते शेवटचं टोक गिरीधरला पुन्हा दिसू लागलं. आत्या बाकावर बसून हे पाहत होत्या. भाच्याचं तोंड पाहून त्या उठल्या.

"काय निसटतंय?"

"हिचा पाय, आत्या. तुमच्या तेलानं."

"तेलानं नाही रे. तूं आवळतोस म्हणून निसटतंय. इकडं ये, पोरी."

कीर्तनाला बाकावर बसवून त्यांनी तिचं पाऊल हातात घेतलं. "तंजावरांत बेचाळीस बाळंतिणींची पोरं पायांवर घेऊन न्हाऊ घातलीं मी. सगळीं तेलानं माखलेलीं. एक तरी पडलं काय? बोटांनी धरायचंच नाही. तळवा खाली द्यायचा, वजन बसूं द्यायचं, अंगठा टाचेमागं नुसता टेकवायचा. आणि कोपर आपल्या अंगाला. हं, धर."

तिघांनी धरलं. कीर्तना वर गेली आणि राहिली. पुन्हा गेली, पुन्हा राहिली. रामस्वामी नुसते आत्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

फायनलमध्ये कीर्तना वर उभी असताना तेलाचा एक ओघळ गिरीधरच्या कपाळावरून थेट डोळ्यात उतरला. डोळा चुरचुरत होता, पुसायला हात नव्हता. तळवा खाली, कोपर अंगाला, असं मनात म्हणत तो उभा राहिला. कीर्तना वरून हसली, फिरली, खाली झेपावली आणि तिघांच्या हातांत नेमकी उतरली. संघ दुसरा आला. पंचांनी पकडीला सगळ्यांत जास्त गुण दिले.

पुढच्या शनिवारी सकाळी सहाला बेल वाजली. दारात संघातले बाकीचे अकराच्या अकरा पुरुष गडी, प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल. सगळ्यांत पुढं रामस्वामी, हातात दोन किलो शिकेकाई.

"त्या पकडीचा सराव तेल लावूनच करायचा, असं ठरलंय," ते अदबीनं म्हणाले. "आत्या आहेत ना?"

आत्यांनी मोठी कढई चढवली आणि रामस्वामींना शर्ट काढायला सांगितलं. गिरीधर आपणहून पुढं सरकला, तशी त्यांनी त्याला पळीनंच थोपवलं.

"तूं मागं. घरचा आहेस, पाहुण्यांचं आधी होऊं दे."

तेव्हा गिरीधर आपल्याच घरात, आपल्याच टॉवेलानिशी, रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. आणि खरं सांगायचं तर, त्याला फार बरं वाटलं.