दार, प्रथम क्रमांक

स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढायला मिस्त्रीला अकरा मिनिटं लागली. उकंडराव समोर स्टुलावर घड्याळाकडे बघत बसले होते, म्हणून आकडा नक्की. चौतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढल्यावर माणसाला एक खोड लागते. मोजल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नाही.

"काका, वाळवी हाय याच्यात," दाराच्या खालच्या कोपऱ्यात पेचकस खुपसत मिस्त्री म्हणाला. "आजच्या आज जाळून टाका. नाही तं नवं फर्निचर खाऊन टाकन."

राजदीपचंही तेच म्हणणं होतं. राजदीप म्हणजे उकंडरावांचा मुलगा. तो नागपूरला नोकरीला होता आणि बाभुळगावात एकट्या राहणाऱ्या बापाचं स्वयंपाकघर नवं करून देण्याचं त्याने मनावर घेतलं होतं. सनमायकाची कपाटं, काळा ओटा, ॲल्युमिनियमचं सरकतं दार. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"बाबा, दार जाळलं का?"

"जाळतो."

"काल पण जाळतोच म्हणले तुम्ही."

"काल वारा होता."

"अन् आज?"

"आज वाराच नाही. पेटन कसं?"

खरी गोष्ट अशी होती की त्या दाराच्या आतल्या बाजूला, फिकट निळ्या ऑइलपेंटवर, कांताबाईंच्या अक्षरात एकशे ब्याण्णव तारखा होत्या. गॅसची नवी टाकी लावली की कांताबाई दारावर तारीख लिहायच्या. टाकी किती दिवस गेली हे कळावं, एवढाच हेतू. त्यासाठी दारातल्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल तेवीस वर्षं तिथेच लटकत होती. शेवटची तारीख होती एकोणीस जून. ऑगस्टमध्ये कांताबाई गेल्या.

ती एकोणीस जूनची टाकी मात्र अजून संपलेली नव्हती. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, शेवटचा पाहुणा एस.टी.त बसला, आणि उकंडरावांनी शेजारून कापूस तोलायचा काटा आणून टाकी तोलली. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या कड्यावर छापलेलं असतं. वजाबाकी केली तर सातशे ग्राम गॅस शिल्लक होता. कांताबाईंनी स्वतः रेग्युलेटर बसवून लावलेला. त्या दिवसापासून त्यांनी जेवणाचा डबा लावला, रोजचा चहा स्टँडवर प्यायला सुरुवात केली, आणि घरच्या गॅसवर फक्त रविवारी एक कप चहा करायचा असं ठरवलं. कपामागे अंदाजे वीस ग्राम. आता मार्च निम्मा सरत आला होता आणि काटा शंभराच्या आसपास डुगडुगत होता.

यातलं काहीही राजदीपला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने बाप खचला असं धरून त्यांना पहिल्या गाडीने नागपूरला नेलं असतं, चौथ्या मजल्यावर.

अशा वेळी बबलू हातात एक गुलाबी कागद घेऊन आला. बबलू शेजारचा, 'छोटा हत्ती' टेम्पो चालवायचा. कागद यवतमाळच्या एका कलामंडळाचा होता. 'घर' या विषयावर खुलं कलाप्रदर्शन. उकंडरावांनी सगळा कागद वाचला, पण मनात ठेवली एकच ओळ: प्रवेशिका पंधरा दिवस मंडळाच्या ताब्यात सुरक्षित राहतील.

"पंधरा दिवसांत मिस्त्रीचं काम आटपते," ते म्हणाले. "मंग दार घरी आणून पलंगामागं ठेवून देतो. राजूले दिसतच नाही. चाल, चढव गाडीवर."

"काका, चित्रायचं प्रदर्शन हाय ते. दाराचं नाही."

"घराचं हाय ना? दार काय जंगलाचं हाय?"

यवतमाळला नोंदणीच्या टेबलावर अर्ज भरावा लागला. शीर्षक: दार. माध्यम: पेन्सिल. कलाकाराचं नाव: कांताबाई उकंडराव भगत. पुढचा प्रश्न होता, 'कलाकार हयात आहे काय? हो / नाही.' उकंडराव तिथे बराच वेळ थांबले. मागे रांग खोळंबली. शेवटी ती जागा तशीच सोडून त्यांनी कागद पुढे सरकवला. टेबलावरच्या मुलीने बघितलं, "हे राहिलंच की आजोबा," असं म्हणून तिनेच 'हो'वर खूण केली.

बेत बिनचूक होता. फक्त एक शक्यता त्यात धरलेली नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. मंडळाचे सचिव नेमसिंग राठोड बोलत होते. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे फोनवरही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज.

"जय भीम, भगत साहेब! अभिनंदन! प्रथम क्रमांक! कांताताई आहेत का?"

"बाहेर गेली," उकंडरावांच्या तोंडून निघून गेलं.

"काही हरकत नाही. त्यांना सांगा, नियम सातप्रमाणे प्रथम क्रमांकाची कलाकृती आता मंडळाची. आपल्या नव्या सभागृहाच्या भिंतीत कायमची बसवतोय. एकदम सिमेंटमध्ये!"

उकंडरावांनी फोन ठेवला आणि गुलाबी कागद शोधून काढला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नऊ नियम होते. नियम चार: कलाकार हयात असावा, अन्यथा प्रवेशिका रद्द. म्हणजे एका वाक्यात दार परत मिळत होतं. ते वाक्य त्यांनी सात महिन्यांत एकदाही उच्चारलं नव्हतं. गावात उच्चारावं लागलंच नव्हतं. सगळ्यांना आपसूक कळलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि दुसरे उपाय करून बघायचं ठरवलं.

पहिला उपाय खरं बोलण्याचा. "राठोड सर, चित्र नाही जी ते. गॅस लावल्याच्या तारखा हायेत."

"वा! परीक्षक मॅडमनी हेच ओळखलं! 'स्त्रीच्या श्रमाची दिनदर्शिका' असं लिहिलंय त्यांनी. ताई कुठायत?"

"बाहेर गेली."

दुसरा उपाय दुपारी. "सर, वाळवी हाय त्या दाराले. बाकीच्यायचे चित्रं खाऊन टाकन."

राठोड सर घाबरले. त्यांनी तातडीने मॅडमना विचारलं आणि तासाभराने उलट फोन केला. "मॅडम म्हणतात, औषध मारायचं नाही. आतून पोखरलं जाणारं घर, हा अर्थ जातो म्हणे. बाकीची चित्रं आम्ही लांब हलवली. आता दार एकटंच आहे मधोमध. काय उठाव आलाय साहेब! ताईंना द्या फोन."

"बाहेर गेली."

तीन वेळा बाहेर गेलेल्या बाईबद्दल मंडळाने काढायचा तो अर्थ काढला. ताईंचा मान राहिला नाही, ताई रुसल्या. रविवारी सकाळी दहा वाजता एक गाडी दारात थांबली आणि तीतून आमंत्रणपत्रिका, नारळ, साडी आणि अकरा माणसं उतरली.

"ताई आल्याशिवाय आम्ही हलत नाही," राठोड सर खुर्चीत बसत म्हणाले. "तोवर चहा होऊ द्या."

"स्टँडवरून आणतो ना मी," गाडीचा आवाज ऐकून आलेला बबलू म्हणाला.

"छे छे! ज्या घराला बक्षीस, त्या घरचाच चहा!"

अकरा कप. वीस गुणिले अकरा. उकंडरावांनी आत जाऊन गुणाकार केला, टाकीकडे बघितलं, मोठं पातेलं घेतलं. पाहुण्याला चहाविना पाठवणं कांताबाईंच्या घरात कधी झालं नव्हतं. त्यांनी काडी ओढली. नव्या काळ्या ओट्यावर निळी ज्योत गोल उभी राहिली. त्यांनी साखर टाकली, पत्ती टाकली, आणि ज्योतीकडे बघत उभे राहिले. पाण्याच्या कडेला बुडबुडे धरले. मग ज्योत बसकी झाली, पिवळी झाली, एकदा फडफडली आणि गेली.

"संपला वाटतं गॅस," दारातून डोकावत राठोड सर म्हणाले. "बोलवा ना ताईंना, दुसरी लावतील."

उकंडरावांचा हात बटणावर तसाच होता. "ती नाही लावत आता," ते म्हणाले. मग ओट्याकडे बघतच म्हणाले, "ती नाही जी. सोळा ऑगस्टले गेली. कालकथित हाय ती."

बाहेरच्या खोलीत बबलूने ठेवलेली बिस्किटं चावणारी तोंडं थांबली. बबलूने मान खाली घातली. राठोड सरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

"माफ करा साहेब," ते म्हणाले.

"नियम चार हाय ना सर," उकंडराव हळूच म्हणाले. "रद्द होते ना मंग?"

"रद्द?" राठोड सरांनी टोपी परत घातली. "अशा माउलीचं काम रद्द? आम्ही काय दगड आहोत? आत्ताच्या आत्ता ठराव! नियम चार शिथिल करून कालकथित कांताबाई भगत यांना मरणोत्तर प्रथम क्रमांक देण्यात यावा. अनुमोदन?"

बाहेर अकरांपैकी एकाने बिस्किटाचा हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला. अर्धवट उकळलेला चहा सगळे शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

ती माणसं गेल्यावर उकंडरावांनी दुसरी टाकी ओढत आणली. वायसर बघितलं, रेग्युलेटर बसवला, साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते तपासलं. मग सवयीने मागे वळून, दोऱ्याला लटकलेल्या पेन्सिलीसाठी हात वर केला. हात ॲल्युमिनियमला लागला.

बक्षीस समारंभ गुरुवारी होता. राजदीप नागपूरहून परस्पर यवतमाळला आला. त्याला बातमी मोबाइलवर कळली होती.

"बाबा, जाळलेल्या दाराले पहिला नंबर कसा काय आला?"

"वारा होता म्हटलं ना."

सभागृहात दार मधोमध उभं होतं. वर पिवळा दिवा, खाली पाटी: 'कृपया हात लावू नये.' शेजारी दुसऱ्या क्रमांकाचा थर्माकोलचा बंगला होता, लिफ्टसकट. बटण दाबलं की लिफ्ट वर जायची. परीक्षक निशिगंधा मॅडम लोकांना दारातला अवकाश समजावून सांगत होत्या.

राजदीप मात्र काही ऐकत नव्हता. तो जवळ जाऊन तारखा वाचत होता, आधी भरभर, मग बोटांवर मोजत. "बाबा, इथं एकतीस दिवस. मंग तीस, एकतीस... अन् इथून चाळीस?"

"तुया उर्वशीताईचं लग्न झालं," उकंडराव म्हणाले.

"अन् इथून अठ्ठावन्न. पुढं सगळे अठ्ठावन्न, साठ." राजदीप थांबला. जून दोन हजार चौदा. ती तारीख त्याची त्यालाच ओळखू आली. त्या महिन्यात तो पेटी घेऊन नागपूरच्या गाडीत बसला होता. तो एकोणीस जूनपर्यंत खाली आला आणि तिथून पुढे त्याला मोजायला काही उरलं नाही.

"याच्याखाली काहून नाही काही?" त्याने विचारलं.

"लिहाचं राह्यलं," उकंडराव म्हणाले. त्यांनी पाटीच्या वरून हात घातला, पेन्सिल धरली, टोक जिभेला लावलं आणि एकोणीस जूनखाली लिहिलं: २३ मार्च.

"अहो! अहो आजोबा, काय करताय?" मॅडम धावत आल्या.

"तारीख लिहून राह्यलो."

"कसली तारीख?"

"टाकी लावली ना जी रविवारी."

पुढचं सगळं फार झटपट झालं. नियम सहा: नोंदणीनंतर कलाकृतीत कोणताही बदल केल्यास प्रवेशिका तत्काळ रद्द. मॅडम या बाबतीत कडक होत्या. अवकाशच बिघडला म्हणाल्या. राठोड सरांनी नियम शिथिल करायचा ठराव मांडून बघितला, पण मॅडमपुढे अनुमोदनाला हात वर होईना. प्रथम क्रमांक थर्माकोलच्या बंगल्याला गेला आणि सिमेंटही त्याच्याच वाट्याला आलं. उकंडरावांना मंडळाच्या शिक्क्यानिशी लेखी कळवण्यात आलं की त्यांना तीन वर्षं प्रवेश बंद असून त्यांनी आपलं दार त्वरित घेऊन जावं. नऊच्या नऊ नियम पाठ असलेल्या माणसाला नेमका सहावा त्या वेळी आठवला होता की नव्हता, हे त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर राजदीप बबलूशेजारी बसला. उकंडराव मागे दाराजवळ बसले, पुढची सीट नको म्हणाले. यवतमाळ सुटायच्या आधी राजदीपने एका कृषी केंद्रासमोर गाडी थांबवायला लावली आणि उतरून काउंटरवर गेला.

"वाळवीचं औषध पाह्यजे. चांगल्यातलं."

"कोन्त्या पिकाले मारता?" दुकानदाराने विचारलं.

राजदीपने मागे वळून पाहिलं. भर उन्हात बाप दार दोन्ही हातांनी उभं धरून बसला होता. डोक्याचा दुपट्टा काढून त्याने आतल्या बाजूवर, ताज्या तारखेवर टाकला होता. ती तारीख जरा तिरकी आली होती, कांताबाईंच्या रांगेतून बाहेर गेलेली.

"दाराले," तो म्हणाला.